एका नंबरच्या दोन जीपा

त्या जीपचा नंबर आजही माझ्या जिभेवर आहे. घरच्या स्कूटरचा नंबर कोणी विचारला तर मला कागद काढावा लागेल, पण हा झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. दोन, नऊ, आठ, तीन.

वाशीम आता जिल्हा झाला आहे. सत्तरच्या दशकात तो अकोला जिल्ह्यात होता आणि मी त्या भागातल्या एका ठाण्यात फौजदार होते. बाई फौजदार आली आहे म्हटल्यावर लोक नुसते बघायला यायचे. बघून झाले की काहीतरी तक्रार द्यायची म्हणून शेजाऱ्याच्या बकरीची देऊन जायचे. ठाण्याला एक जीप होती, ती सुरू करायला आधी ढकलावी लागे. गुन्हेगाराला तेवढ्यात शेजारचे गाव गाठता येई.

दिवाळी उलटून गेली होती. शिरपूरच्या बाजाराचा दिवस होता. एक म्हातारा शेतमजूर आणि त्याची मुलगी बाजार करून पायी गावाकडे निघाले होते. मागून जीप आली, म्हाताऱ्याला उडवले, पुढे जाऊन क्षणभर थांबली आणि निघून गेली. मुलीने एका बैलगाडीवाल्याला थांबवून बापाला दवाखान्याकडे नेले. वाटेतच तो गेला. तिथून ती सरळ ठाण्यात आली. वीस-बावीस वर्षांची असेल. नवऱ्याने टाकलेली होती, बापाबरोबर राहून मजुरी करायची.

ठाणे अंमलदाराने फिर्याद लिहून घ्यायला सुरुवात केली. मी शेजारी बसले होते.

"गाडी कोणती?"

"जीप. हिरवी. मांगून ताडपत्री होती."

"ड्रायव्हर बघितला?"

"पाठ पाह्यली."

"मग ओळखणार कशी?"

"नंबर वाचला ना मी. दोन नऊ आठ तीन."

अंमलदाराने टाक खाली ठेवला. "तुला वाचता येते?"

"आकडे येतात. अक्षरं येऊन राह्यली."

तिच्या बौद्ध वस्तीतल्या विहारात संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा. वस्तीतलाच एक मास्तर शिकवायचा. ती तिथे जायची. पाटीवरची अक्षरे तिला वाचता आली नव्हती, पण चार आकडे तिने वाचले आणि बैलगाडीत बापाचे डोके मांडीवर घेऊन ती सगळ्या वाटेने ते म्हणत राहिली होती. विसरू नये म्हणून. रडणे तिने नंतरसाठी ठेवले होते, असे मला तेव्हा वाटले. नंतर कळले की बाकीचीही बरीच कामे ती अशीच वेळ बघून करायची.

आर.टी.ओ.ला पत्र गेले. उत्तर येण्याआधीच खबर आली. रिसोडच्या एका पंक्चरवाल्याने आमच्या हवालदाराला सांगितले, की या नंबरची हिरवी जीप भाजी घेऊन बाजारात नेमाने येते. गावाबाहेरच्या मळेवाल्याची आहे.

मी आणि हवालदार मळ्यावर गेलो. वांगी, मिरची, कोथिंबीर, सगळे नीट वाफ्यांत. झाडाखाली जीप उभी होती. हिरवी, ताडपत्रीची, डाव्या मडगार्डला पोचा. मागच्या पाटीवर नंबर तोच. जीपचा रंग बरा होता, पाटी मात्र जुनाट, कडांना गंज खाल्लेला.

मळेवाला पस्तिशीतला, शांत माणूस. कागद मागितले तर त्याने लगेच आणून दिले. कागदावर वेगळाच नंबर होता.

"ही पाटी कोणत्या गाडीची?"

"आमचीच होय."

"कागदावर हा नंबर नाही."

"कागद ह्या जीपीचा होय. पाटी आमच्या जीपीची होय."

हवालदार माझ्याकडे बघून हसला. इतक्या सहज कबुली देणारा चोर त्याने पाहिला नव्हता. मी मळेवाल्याला जीपसकट ठाण्यात आणले. अपघाताचे कलम होतेच, आता खोट्या नंबरमुळे फसवणुकीचेही लागले. त्यामुळे जामीन लगेच मिळण्यासारखा राहिला नाही. मळ्यावर त्याची आई, बायको आणि तोडणीला आलेली भाजी होती.

मी चौकशीत मारहाण करू देत नसे. यात दयाबुद्धी नव्हती. मारलेला माणूस आपल्याला ऐकायचे असते ते सांगतो आणि मग ते खोटे आहे हे शोधायला आपल्यालाच उन्हात हिंडावे लागते. समोर बसवून एकच गोष्ट तीनदा सांगायला लावली की पुष्कळ कळते. मळेवाल्याने तिन्ही वेळा तेच सांगितले.

जुनी जीप त्याच्या बापाने लष्कराच्या लिलावातून आलेली घेतली होती. आमच्या भागातल्या काळ्या मातीत पावसाळ्यात जीपशिवाय दुसरी गाडी चालत नसे. चारही चाकांनी ओढले तरच मळ्यातून सडकेला लागता येते. अलीकडे जुन्या जीपच्या पुढच्या चाकांचा गिअर पडेनासा झाला होता. भाजी भरलेली जीप चिखलात रुतायची, मग बैल जुंपून काढायची, तोवर बाजार उठलेला असायचा. दोन पावसाळे त्याने असे काढले. शेवटी धरणाचे काम संपवून निघालेल्या एका ठेकेदाराची वापरलेली जीप घेतली आणि जुनी विकून टाकली.

"कुणाला विकली?"

"बैलबाजारातल्या दलालानं गिऱ्हाईक आनलं. कारंज्याकडचा व्यापारी होता. नाव ध्यानात नाई."

"जीप विकली, नाव ध्यानात नाही?"

"बैल इकतो तवा कोन नाव इचारते, बाई?"

"आणि पाटी का ठेवून घेतली?"

तो खाली बघायला लागला. "माय म्हने, ठेव. ठेवली."

यावर कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. हातात भाकरीचे फडके. आल्या आल्या माझ्या टेबलासमोर खाली बसली.

"मह्या लेकाले कायले कोंडलं वो बाई?"

"गाडीवर खोटा नंबर लावला आहे त्याने."

"खोटा कसा? आमचा होय." मग तिने मलाच विचारले, "तुमच्या माहेरी गाय होती?"

"होती."

"इकली तवा दावं देल्लं का संग?"

आमच्याकडेही गाय विकली की तिचे दावे काढून घेत. घेणारा आपले दावे घेऊन येई. जनावर गेले तरी गोठ्याची बरकत घरात राहावी म्हणून. माझी आई ते दावे खुंटीला अडकवून ठेवायची आणि नवीन गाईला तेच बांधायची.

म्हातारी म्हणाली, "जीपीले दावं नसते. मंग म्या म्हटलं, पाटी सोडून घे अन् नव्या जीपीले बांध. ह्याच नंबरानं ह्याच्या बापानं मळा उभा केला."

हवालदार दारातून म्हणाला, "आजी, उद्या वेसणही घालशील जीपला."

"तुमच्या जीपीले घाला लेकहो, ढकलाचं तरी वाचंल."

ठाणे हसले. मी हसले नाही, कारण तिचे खरे असावे असे मला वाटू लागले होते आणि त्याचा काही उपयोग नव्हता. कायद्यात दाव्याला कलम नाही. शिवाय पाटी का लावली हे समजले तरी म्हाताऱ्याला कोणी उडवले हे समजत नव्हते.

दोन-तीन दिवसांनी समन्स बजावायला कारंज्याला गेलेला शिपाई परत आला. टोपी काढून घाम पुसत म्हणाला, "बाई, त्या मळेवाल्याची जीप सोडली का आपण?"

"नाही."

"मग काल कारंज्यात त्याच नंबरची मी पाहिली ती कोणती?"

आम्ही सगळे उठून मागच्या अंगणात गेलो. जप्त केलेली जीप होती तिथेच होती. बॉनेटवर मांजर झोपले होते.

मग गोष्ट सरळ झाली. मळेवाल्याची जुनी जीप कारंज्याच्या एका धान्य व्यापाऱ्याकडे होती. आम्ही ती चालकासकट आणली. व्यापारी मागून स्वतःच आला, स्वच्छ धोतर, सोबत वकील. खुर्ची द्यायच्या आत बसला.

"पाटीशिवायच गाडी दिली हो त्याने," तो म्हणाला. "म्हटले, असेल यांचे काहीतरी. नंबर कागदावर होता, पेंटरकडून रंगवून घेतला. आता एकाच नंबरच्या दोन गाड्या झाल्या यात माझा काय दोष?"

"बाजाराच्या दिवशी गाडी कुठे होती?"

"गोदामात. माझी माणसे सांगतील."

माणसांनी सांगितले. चालकानेही सांगितले. त्या जीपचे मडगार्ड नुकतेच ठोकून रंगवलेले होते, पण जुन्या गाडीची डागडुजी चालूच असते, त्यावरून कोणाला फासावर देता येत नाही. दुसरीकडे मळेवाला त्या दिवशी कोठे होता? एकटाच शिरपूरकडून बियाणे घेऊन येत होता. तेही त्याने न विचारता सांगितले होते. दोन हिरव्या जीपा, दोन्हींवर एकच नंबर, एकाकडे चार साक्षीदार आणि दुसऱ्याकडे दाव्याची गोष्ट. प्रकरण असेच कोर्टात गेले असते तर कोण अडकले असते हे सांगायला पोलिसात असावे लागत नाही.

ओळख पटवण्यासाठी मी मुलीला बोलावले. दोन्ही जीपा अंगणात पाठ करून उभ्या केल्या. दोन पंच होते, त्यांतला एक शाळेचा मास्तर. फाटकाबाहेर तिच्या वस्तीतली माणसे जमली होती, थोड्या अंतरावर मळेवाल्याच्या भावकीतली. दोन्ही बाजू एकमेकांशी बोलत नव्हत्या. आत येताना तिच्या चुलत्याने तिचा दंड धरून काहीतरी सांगितलेले मी पाहिले. काय ते तिने मला पुढे सांगितले. हाती आला त्याला सोडू नको, पैसेवाला सुटणारच आहे, मग आपल्या हाती काहीच राहणार नाही.

ती दोन्ही जीपांभोवती एकेक फेरी मारून आली.

"दोनी सारख्याच दिसतात," ती म्हणाली.

वकिलाने व्यापाऱ्याकडे बघून मान हलवली.

पंचनाम्यात लिहायला काहीतरी हवे होते, म्हणून मी म्हटले, "नंबर तरी वाच."

ती मळेवाल्याच्या जीपमागे उकिडवी बसली. बोट हवेत धरून एकेक आकडा लावत गेली. "दोन... एक... चार... तीन."

"नीट वाच," हवालदार म्हणाला.

"नीटच वाचलं. दोन एक चार तीन. ह्या जीपीनं नाई मारलं. हिचा नंबरच येगळा हाय." ती उठली, दुसऱ्या जीपमागे गेली आणि उभ्यानेच वाचले, "दोन नऊ आठ तीन. हे होय."

मी जवळ जाऊन दोन्ही पाट्या पाहिल्या. तोवर मी त्या कितीदा पाहिल्या होत्या. मळेवाल्याची जुनी पाटी इंग्रजी आकड्यांत होती, 2983. व्यापाऱ्याच्या पेंटरने मराठीत रंगवला होता, २९८३. तेव्हा रंगवणाऱ्याच्या मनाला येईल तसे रंगवत. आमचे डोळे दोन्ही आकडे एकाच चालीने वाचत होते आणि आमच्या कागदांवर सगळे मराठीतच लिहिले जात होते, त्यामुळे फरक कोणाच्या मनात आलाच नाही. तिला इंग्रजी आकडे येत नव्हते. दोन आणि तीन दोन्हीकडे जवळपास सारखे. पण इंग्रजी 9 तिच्यासाठी सरळ सरळ १ होता आणि 8 म्हणजे ४. तिच्या बापाला मळेवाल्याच्या जीपने उडवले असते, तर ती त्या संध्याकाळी आमच्याकडे दोन एक चार तीन हा नंबर घेऊन आली असती.

पंच म्हणून आलेल्या शाळामास्तराने टोपी काढून हातात घेतली. मी पंचनामा लिहायला बसले तर मला पहिले वाक्य सुचेना. नोकरीत असे माझे त्याआधी कधी झाले नव्हते. एवढी माणसे, दोन गाड्या, वकील, आर.टी.ओ.चे पत्र, आणि सगळ्याचा निकाल एका बाईला जे येत नव्हते त्यावर लागला होता. आणि तिच्या वाचण्यात राग नव्हता, कोणाची बाजू नव्हती. चुलता फाटकात उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

व्यापाऱ्याचा चालक त्याच दुपारी बोलला. मालकच शेजारी बसला होता, थांबू नको म्हणाला, मग मडगार्ड ठोकून घेतले. चार साक्षीदारांपैकी तिघांना त्या दिवशी गोदाम उघडे होते की बंद हेही आठवेना.

मळेवाला सुटला. खोट्या पाटीचा गुन्हा त्याने कबूल केला, दंड भरला. मी स्वतः उभे राहून ती पाटी काढायला लावली. म्हातारीने ती पदराने पुसली आणि घेऊन गेली. नव्या जीपला तिचा स्वतःचा नंबर लागला. त्यानंतर कधी मळ्यावरून जाणे झाले की म्हातारी विचारायची, "जीपीले कोनतं दावं बांधलं म्हना आता?"

खटला लांबला. मधे दोन पावसाळे गेले. तोवर माझी बदली झाली होती, साक्षीला मी परगावाहून आले. तपास करणाऱ्याला जी भीती असते तीच मला होती. दोन वर्षांत साक्षीदार बदलतो, विसरतो, शिकवला जातो. आणि इथे तर साक्षीदार रोज संध्याकाळी खरोखरच शिकत होता.

व्यापाऱ्याचा वकील हुशार होता. त्याने नेमके तेच धरले. कोर्टासमोर पाटीवर इंग्रजी आकडे काढले आणि तिच्यापुढे धरले. तिने वाचले. 9 ला एक, 8 ला चार. 6 पाहून म्हणाली, "हे उलटं सात कोनं काढलं?" 5 आणि 7 पाहून म्हणाली, "हे काय होय मले समजत नाई." न्यायाधीशांनी पाटी मागवून घेतली आणि स्वतः काढून विचारले. तेच उत्तर.

वकील म्हणाला, "बाई, तुम्ही वर्गाला जाता ना? तीन वर्षे होत आली. अजून इंग्रजी आकडे आले नाहीत?"

"नाई आले."

"का बरं?"

"तथपरंत गेली नाई मी."

कोर्टात थोडे हसू झाले. वकिलाला वाटले, मंद आहे. त्याने तो मुद्दा सोडला.

दुपारच्या सुट्टीत विहारातला मास्तर मला व्हरांड्यात भेटला. तो चक्रावलेला होता. म्हणाला, "बाई, वर्गात हिच्याइतकं लवकर कोणी शिकत नाही. अक्षरं झाली, जोडाक्षरं झाली, पुस्तक वाचते. पण मी फळ्यावर इंग्रजी आकडे काढायला लागलो की ही उठून बाहेर जाऊन बसते. फळा पुसल्यावर आत येते. बाजारात दुकानाच्या पाट्यांकडे बघत नाही, खाली मान घालून चालते. मला वाटलं, डोळ्यांचं काही असेल."

ती बाकावर बसून भाकरी खात होती. मी जाऊन विचारले.

"मंग काय करू?" ती म्हणाली. "शिकली असती तं इथं कसं सांगतलं असतं? डोयाले एकदा दिसलं म्हंजे मंग न दिसल्यावानी करता येत नाई. अन् केलं तं थे खोटं होते."

"कोणी सांगितले तुला असे करायला?"

"कोन सांगते?" तिने भाकरीचा तुकडा मोडला. "तुमीच म्हटलं होतं ना, जसं पाह्यलं तसंच सांगजो म्हनून."

असे मी प्रत्येक साक्षीदाराला म्हणते. तोंडातून निघणारे ते एक सरकारी वाक्य आहे. तिने ते दोन वर्षे पाळले होते.

निकाल लागला. चालकाला आणि व्यापाऱ्याला दोघांनाही शिक्षा झाली. वस्तीतली माणसे कोर्टाच्या आवारात उभी होती, मळेवाला भाजीची जीप बाहेर लावून आला होता. चुलत्याने त्याच्याकडे पान पुढे केले, त्याने घेतले. दोघांनीही त्याहून जास्त काही केले नाही आणि तेवढे पुरेसे होते.

आम्ही पोलीस पुरावा कसा जपतो? कापडात बांधतो, दोरीने आवळतो, लाखेचे सील मारतो, पंचांच्या सह्या घेतो, कपाटात कुलूप लावून ठेवतो. तरी उंदीर खातात, सील फुटते, पिशवी बदलते. या बाईचा पुरावा तिच्या डोळ्यांत होता आणि डोळे घेऊन ती रोज बाजारातून, सडकेवरून, वर्गातून हिंडत होती. त्याला सील तिने स्वतःच लावले होते. पुढे मी खूप मोठी प्रकरणे हाताळली, खूप शिकलेली माणसे साक्षीच्या पिंजऱ्यात पाहिली. खरे बोलणे म्हणजे आठवते ते बोलणे, अशी माझी समजूत होती. आठवण खराब होऊ नये म्हणून माणसाने इतके कष्ट घ्यावेत, हे मी एकदाच पाहिले. अजूनही त्याचा पुरता अंदाज मला येत नाही.

मी एस.टी. स्टँडकडे निघाले तशी ती मागून आली. कोर्टाच्या पायरीवर बसली, पदराच्या गाठीतून खडूचा तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला.

"आता दाखवा."

मी फरशीवर 8 काढला.

"हा तं चारच दिसते."

"दिसू दे. आठ आहे."

तिने त्याच्या शेजारी एक काढला, मग आणखी एक. तिसरा चांगला जमला. मग 9 विचारला. तोही दोनदा काढला आणि दोन्ही आकड्यांकडे मान तिरपी करून बघत राहिली. मग हाताने खडू झटकला.

"आता मले साक्षीले नका बलावू, बाई," ती म्हणाली. "आता मी बी सगळ्यावानीच वाचीन."